मोठी बॅटरी की लहान? हिशेब परतीच्या वाटेचा

इलेक्ट्रिक मोटार घ्यायची असे घरात एकदाचे ठरले की खरी पंचाईत त्यापुढे सुरू होते. गाडी एकच, पण तिचे दोन प्रकार समोर येतात: एक लहान बॅटरीचा, दुसरा मोठ्या बॅटरीचा. पहिल्याला कंपन्या स्टँडर्ड किंवा मीडियम रेंज म्हणतात, दुसऱ्याला लाँग रेंज. टाटांची टियागो 19.2 आणि 24 किलोवॉट-तासांच्या बॅटऱ्या घेऊन बाजारात आली, पंच 25 आणि 35 च्या, नेक्सॉन 30 आणि 45 च्या. एमजीच्या विंडसरमध्ये 38 आणि 52.9, ह्युंदाईच्या क्रेटामध्ये 42 आणि 51.4, महिंद्राच्या बीई 6 मध्ये 59 आणि 79 असे पर्याय मिळतात. किलोवॉट-तास हे नाव अवघड वाटले तरी चीज ओळखीची आहे. महावितरणच्या बिलावर ज्याला आपण युनिट म्हणतो तेच ते. 30 च्या बॅटरीत 30 युनिट वीज मावते, इतकाच त्याचा अर्थ. दोन प्रकारांच्या किमतीत लाख-दीड लाखाचा, कधी त्याहून जास्त फरक असतो. शोरूममधला माणूस मोठीच घ्या म्हणून मागे लागतो. जाणकार मित्र सांगतात, रोजचे चाळीस किलोमीटर फिरणे, मग मोठ्या बॅटरीसाठी पैसे कशाला घालता? हा दुसरा सल्ला पुण्यात, ठाण्यात, नाशकात बरोबर आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या नरसी नामदेवला मात्र तो चालत नाही. का चालत नाही हे नीट उलगडले, तर मराठवाड्यातल्या बहुतेक गावांना आपापले उत्तर काढता येईल.

नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव, कयाधू नदीच्या काठावरचे. आषाढी करून परतलेले वारकरी आषाढ वद्य एकादशीला परतवारीसाठी इथे येतात, त्या दिवशी गावाला जत्रेचे रूप असते. एरवी हे हिंगोली तालुक्यातले, शेतीवर चालणारे गाव. इथल्या माणसाचे रोजचे जाणे-येणे फार लांबचे नाही. वीसेक किलोमीटरांच्या आत हिंगोली आहे. तिथे जिल्हाधिकारी कार्यालय, बाजार समिती, हळदीचा मोठा बाजार. औंढा नागनाथला जाऊन यायचे तर ऐंशी-नव्वद किलोमीटर होतात. एवढ्यावर भागत असते तर लहानात लहान बॅटरीही पुरली असती. पण महिन्या-दोन महिन्यांनी, आणि पुष्कळदा न सांगता, लांबचे काम निघते. मोठ्या दवाखान्यासाठी नांदेड गाठावे लागते. मुले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या महाविद्यालयांत शिकत असतात तेव्हाही वाट नांदेडचीच. कृषी विद्यापीठाचे काम परभणीत. उच्च न्यायालयातल्या तारखेला छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ. नरसीहून नांदेडला जाऊन-येऊन साधारण 210 किलोमीटर पडतात, परभणीला 190 च्या आसपास, आणि संभाजीनगर एका बाजूनेच दोनशेच्या घरात आहे. शहरातला माणूस बॅटरी निवडताना रोजचे अंतर मोजतो, कारण त्याच्या लांबच्या प्रवासात वाटेवर चार्जर असतात. गावातल्या माणसाने मोजायचे ते वेगळे: वाटेत कुठेही वीज मिळणार नाही असे धरून, अचानक निघावे लागले तर, घरी परत येईपर्यंतचे सर्वांत लांब अंतर किती? नरसीपुरते ते अंतर नांदेडची फेरी हे आहे. बॅटरी त्या फेरीला पुरेल एवढी हवी, आणि त्याहून फार मोठी नको.

हे मोजायला बसले की पहिली अडचण येते ती जाहिरातीतल्या आकड्याची. आपल्याकडे गाडीची रेंज प्रयोगशाळेत रोलरवर चालवून, ठरवून दिलेल्या वेगाच्या वेळापत्रकाप्रमाणे मोजतात. त्या चाचणीला एमआयडीसी म्हणतात. औद्योगिक वसाहतीशी तिचा काही संबंध नाही. तिचा पहिला भाग शहरातल्या संथ, थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीचा, दुसरा भाग ताशी 90 किलोमीटरपर्यंत जाणाऱ्या मोकळ्या रस्त्याचा. पूर्वी कंपन्या पहिल्या भागावरचाच आकडा छापत. ऑक्टोबर 2024 पासून दोन्ही भाग मिळून येणारा आकडा द्यावा लागतो. त्या एका बदलाने काय झाले पाहा: 30 युनिटांच्या नेक्सॉनची रेंज कागदावर 325 ची 275 झाली आणि 45 युनिटांच्या कर्व्हची 502 ची 430. गाडी तीच, बॅटरी तीच, फक्त मोजपट्टी थोडी खरी झाली. तरीही त्या मोजपट्टीत मराठवाड्यातला मे महिना नाही, 42-43 अंशांत सतत चालणारा एसी नाही, पाच माणसे आणि मागे भरलेले सामान नाही. शिवाय वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी 60 वरून 90 वर गेले की वेग दीडपट होतो, वाऱ्याचा विरोध मात्र सव्वादोनपट. पेट्रोलच्या गाडीला शहरात जास्त इंधन लागते आणि हायवेवर कमी, ही आपली जुनी समजूत इथे उलटी पडते. इलेक्ट्रिक गाडी शहरात काटकसरी आणि हायवेवर खर्चिक. टाटांनीच आपल्या ग्राहकांना प्रत्यक्षात किती अंतर मिळते याचे आकडे द्यायला सुरुवात केली, तेव्हा कागदावर 489 किलोमीटर रेंजच्या नेक्सॉनसाठी 350 ते 375 असे सांगितले. तोही गाव-शहर मिळूनचा आकडा आहे.

म्हणून छापील रेंज बाजूला ठेवून बॅटरीच्या युनिटांवरून हिशेब करावा. तो कागद-पेन्सिलीवर होतो. छोट्या एसयूव्हीला हायवेवर ताशी 80-90 ने, एसी चालू ठेवून, एका युनिटमागे साडेसहा किलोमीटर मिळतात असे धरू. हलक्या पायाने चालवणाऱ्याला सात-साडेसात मिळतील, घाईवाल्याला सहाही नाही. 30 गुणिले साडेसहा म्हणजे 195. पण बॅटरी शून्यावर येईपर्यंत कोणी गाडी हाकत नाही. वाटेत वळसा पडला, पाऊस लागला, पेशंटला घेऊन दुसऱ्या दवाखान्यात जावे लागले, यासाठी शंभरात पंधरा भाग राखून ठेवायचे. राहिले 165. बॅटरी वर्षागणिक थोडी म्हातारी होते; वर्षाला सरासरी दोन टक्के क्षमता कमी होते असे धरून चालावे. आठ वर्षांनी ती 84 टक्क्यांवर येईल, म्हणजे 165 चे 139 होतील. आता हाच हिशेब 45 च्या बॅटरीला लावा: साडेसहाच्या दराने 292, पंधरा टक्के राखून 248, आठ वर्षांनंतर 208. 35 च्या बॅटरीची हलकी गाडी एका युनिटला सात किलोमीटर गेली तर 245, राखीव वगळून 208, आठ वर्षांनी 175. या आकड्यांत दहा-पंधरा किलोमीटर इकडे-तिकडे होतील. पण त्यांचा क्रम बदलणार नाही.

आता हे आकडे रस्त्यावर ठेवून बघू. 30 युनिटांची नवी गाडी नरसीहून निघून औंढ्याला जाऊन येते, वाशीमला जाऊन येते, हिंगोलीच्या तर दिवसात चार फेऱ्या मारते. परभणीला ती पोहोचते आणि परतताना राखीव साठ्याला हात घालते. नांदेडची फेरी ती चार्जिंगशिवाय पूर्ण करू शकत नाही. नवी असताना नाही, जुनी झाल्यावर तर नाहीच. 35 ची गाडी नवी असताना नांदेड जेमतेम करून येते, आणि तीन-चार वर्षांत राखीव साठा मोडून यावे लागते. 45 ची गाडी पहिल्या वर्षी नांदेडला जाऊन, शहरात तीस-चाळीस किलोमीटर फिरून घरी येते, आणि आठव्या वर्षीही सरळ जाऊन-येऊन जवळपास पुरते. दोन प्रकारांमधल्या पंधरा युनिटांचा खरा अर्थ हा आहे. कंपनी त्याला दोनशे किलोमीटर जास्त रेंज म्हणून विकते. नरसीच्या माणसाला त्यातून मिळते ती एकच गोष्ट: रात्री अकरा वाजता नांदेडला निघायची वेळ आली तर चार्जर कुठे आहे, चालू आहे का, तिथे कोणी आधीच लावून बसले आहे का, हा विचार करावा लागत नाही.

मोठ्या बॅटरीविरुद्ध एक आक्षेप ऐकायला बिनतोड वाटतो. गावात घरच्या प्लगवर ती भरणार कधी? या आक्षेपात तथ्य आहे, म्हणून आकडे पाहू. गाडीसोबत येणारा साधा चार्जर पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर तासाला साधारण तीन युनिट ओढतो. रात्री दहाला लावला आणि सकाळी सहाला काढला तर आठ तासांत 24 युनिट मीटरवर पडतात. चार्जर तापण्यात वगैरे दहा-पंधरा टक्के जातात, बॅटरीत एकवीसेक युनिट उतरतात, म्हणजे 135-140 किलोमीटरांची सोय. ही रात्रीची भरती गाडीत बॅटरी 30 ची असो की 45 ची, तेवढीच राहते. पूर्ण रिकामी 45 ची बॅटरी भरायला सतराएक तास लागतात हे खरे, पण ती रोज रिकामी होत नाही. नांदेडहून रात्री परतलेली गाडी सकाळी निम्म्याच्या वर भरलेली असते, आणि दुसऱ्या दिवशी हिंगोलीला जायला तेवढे पुष्कळ झाले. उरलेले पुढच्या रात्री भरते. तेव्हा बॅटरी मोठी म्हणून घरचा खर्च वाढतो हेही खरे नाही. दोन्ही गाड्यांना किलोमीटरमागे लागणारी वीज जवळजवळ सारखीच. महिन्याला बाराशे किलोमीटर चालली तर मीटरवर सव्वादोनशेच्या आसपास युनिट वाढतील, आणि घरचा वापर धरून बिल तीनशे युनिटांच्या वरच्या टप्प्यात सरकण्याची शक्यता आहे. तरीही पेट्रोलच्या मानाने खर्च निम्म्याहून पुष्कळ कमी येतो. मोठ्या बॅटरीने ‘पेट्रोलचे पैसे जास्त वाचतात’ असे कोणी सांगितले तर मात्र विश्वास ठेवू नये. वाचतात ते चाललेल्या किलोमीटरांवर, बॅटरीच्या आकारावर नाही.

खरी काळजी विजेच्या भरवशाची आहे. गावठाण फीडरवर शेतीपंपांइतकी टंचाई नसते, पण वादळात तार तुटते, डीपी जळाली तर ती बदलून येईपर्यंत एक-दोन दिवस जातात, आणि रब्बीत संध्याकाळी व्होल्टेज इतके उतरते की चार्जर आपोआप बंद पडतो. आठ तासांच्या जागी चारच तास लाइट राहिली तर बॅटरीत दहाच युनिट जातात. इथे मोठ्या बॅटरीचा फायदा लहान-मोठ्या रेंजच्या पलीकडचा आहे. ज्या गावात नळाला रोज पाणी येते तिथे दोन हंड्यांवर भागते. चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात टाकी बांधावी लागते. मराठवाड्यात हे कोणाला शिकवावे लागत नाही. बॅटरीचेही तसेच आहे. 45 ची गाडी आठवड्यातून दोन चांगल्या रात्री मिळाल्या तरी रोजची कामे करत राहते. 30 च्या गाडीला सलग चार रात्री वीज मिळाली नाही, तर पाचव्या दिवशी ती दारात उभी राहते. मात्र बॅटरी कोणतीही घेतली तरी घरची तयारी आधी करावी लागते. गावातल्या पुष्कळ घरांचा मंजूर भार एक किलोवॉटच्या आसपास असतो. तीन किलोवॉटचा चार्जर लावण्याआधी महावितरणकडे भार वाढवून घेणे भाग आहे. चार्जरसाठी मीटरपासून वेगळी जाड तार, स्वतंत्र एमसीबी आणि नीट अर्थिंग हवे. अर्थिंग कच्चे असेल तर बहुतेक गाड्या चार्जच होत नाहीत. हे काम वायरमनकडून गाडी येण्याआधी उरकून घ्यावे.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सगळ्यांत वजनदार. सप्टेंबर 2024 मध्ये 45 युनिटांची नेक्सॉन आली तेव्हा तिची सुरुवातीची किंमत 13.99 लाख होती आणि 30 वाल्या गाडीची 12.49 लाख. जानेवारी 2024 मध्ये पंच आली तेव्हा तिच्या अ‍ॅडव्हेंचर प्रकारात 25 आणि 35 युनिटांमधला फरक एक लाखाचा होता. म्हणजे जास्तीच्या प्रत्येक युनिटमागे ढोबळमानाने दहा हजार रुपये. दीड लाख रुपये आठ वर्षांवर पसरले तर वर्षाला पावणेएकोणीस हजार. कर्जाचे व्याज धरले तर चोवीस हजारांच्या घरात. एवढ्या पैशांत दुसरे काय होते? नांदेडला जायला भाड्याची गाडी सांगितली आणि किलोमीटरला तेरा रुपये दर धरला तर एका फेरीचे पावणेतीन हजारांच्या आसपास होतात. म्हणजे ज्या घराला वर्षातून सात ते नऊपेक्षा जास्त वेळा नांदेड-परभणीसारखी लांबची फेरी पडते, त्याचे मोठ्या बॅटरीचे पैसे वसूल होतात. वर्षातून दोन-तीनदाच जाणाऱ्याने लहान बॅटरी घेऊन त्या दिवसांपुरती भाड्याची गाडी सांगावी; तोच शहाणपणा. हा हिशेब मी मुद्दाम असा मांडला आहे, कारण ‘लागली तर असू द्या’ या एका वाक्यावर दीड लाख खर्च करणे शेतकरी घराला परवडणारे नाही. मात्र यात एक गोष्ट रुपयांत बसत नाही. भाड्याची गाडी दुपारी बारा वाजता मिळते तशी रात्री दोन वाजता मिळेलच असे नाही. घरात वयस्क माणूस असेल, कोणाचे डायलिसिस चालू असेल, बाळंतपण जवळ आले असेल, तर फेऱ्या मोजून निर्णय घेता येत नाही.

तिसरा आक्षेप असा, की आज चार्जर नाहीत पण उद्या येतील, मग आज मोठ्या बॅटरीवर पैसे का अडकवायचे? राज्य सरकारने एप्रिल 2025 मध्ये मंजूर केलेले इलेक्ट्रिक वाहन धोरण 2030 पर्यंतचे आहे आणि त्यात महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्ट आहे. ते पूर्ण झाले तर अकोला-वाशीम-हिंगोली-नांदेड या राष्ट्रीय महामार्गावर लहान बॅटरीवालाही निर्धास्त फिरेल. तोपर्यंतची स्थिती पाहावी. डिसेंबर 2024 मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार महाराष्ट्रात 3,728 सार्वजनिक चार्जिंग स्टेशन होती. कर्नाटकाखालोखाल देशात दुसरा क्रमांक. आकडा मोठा आहे, पण गाड्या आणि चार्जर दोन्ही मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात दाटलेले आहेत. आणि हायवेवर चार्जर आहे एवढ्याने भागत नाही. तो जलद हवा, चालू हवा, मोकळा हवा, आणि त्याचे अ‍ॅप आपल्या फोनवर चालायला हवे. पेट्रोल पंप बंद असेल तर पुढच्या पंपापर्यंत जाता येते; एकुलता चार्जर बंद निघाला तर लहान बॅटरीच्या गाडीला पुढचा चार्जर कदाचित गाठताच येत नाही. तरीही हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. नांदेडमध्ये आपल्या नेहमीच्या ठिकाणाजवळ दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे जलद चार्जर चालू स्थितीत असतील, तर 30 ची गाडीही ही फेरी करू शकते. तासाभरात ती दहावरून ऐंशी टक्क्यांवर येते आणि घरापर्यंत निवांत पुरते. दोन म्हणायचे कारण एवढेच, की एक बंद निघाला तर दुसरा असावा.

चार्जिंगच्या वेगातही दोन प्रकारांत फरक असतो आणि तो विक्रेते क्वचित सांगतात. मोठ्या बॅटरीत जास्त पेशी असतात, त्यामुळे ती एका वेळी जास्त वीज झेपवते. नेक्सॉनच्या 30 च्या बॅटरीला जलद चार्जरवर दहापासून ऐंशी टक्क्यांपर्यंत 56 मिनिटे लागतात असे कंपनी सांगते. 45 च्या बॅटरीला 60 किलोवॉटच्या चार्जरवर 40 मिनिटे. म्हणजे कमी वेळात दीडपट वीज. हमीतही भेद असतो. टाटांनी जुलै 2025 मध्ये पहिल्या मालकासाठी पंधरा वर्षांची बॅटरी हमी कर्व्ह आणि 45 च्या नेक्सॉनला दिली. 30 च्या नेक्सॉनला ती लागू केली नाही. बहुतेक गाड्यांवर आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल ते, अशी हमी असते. म्हणून ‘दोन्हीत फक्त रेंजचा फरक आहे’ हे वाक्य ऐकले की हमीपत्र मागून वाचावे. आणखी एक गोष्ट बॅटरीच्या जातीची. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी उष्णता चांगली सोसते आणि ती वेळोवेळी पूर्ण शंभर टक्के भरावी असे कंपन्याच सांगतात. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या बॅटरीला रोज ऐंशी टक्क्यांवर थांबवणे हिताचे. मध्यरात्री अचानक निघावे लागणाऱ्याला हा फरक मोठा आहे, कारण 42 ची बॅटरी ऐंशी टक्क्यांवर उभी असेल तर तिच्यात 34 च्या आतच युनिट असतात.

मग जितकी मोठी तितकी चांगली असेच म्हणायचे का? नाही, आणि इथे शोरूममधल्या माणसाचा सल्ला चुकतो. नरसीहून पुणे सव्वाचारशे किलोमीटरांच्या पुढे, पंढरपूर साडेतीनशेच्या आसपास. 79 युनिटांची बीई 6 घेतली तरी वरच्याच हिशेबाने ती पुण्यापर्यंत कशीबशी न थांबता पोहोचेल, आणि परतीसाठी पुण्यात चार्ज करावीच लागेल. 45 वाली गाडी त्याच रस्त्यावर एक-दोनदा थांबेल, चाळीस-चाळीस मिनिटे. आठ-नऊ तासांच्या प्रवासात जेवायला, चहाला माणसे तेवढी थांबतातच. वर्षातून तीन-चार वेळा होणाऱ्या त्या प्रवासातले एक थांबणे वाचवण्यासाठी कित्येक लाख रुपये घालणे हा हौसेचा भाग झाला. उरलेले साडेतीनशे दिवस ती जास्तीची तीस-चाळीस युनिटे वापराविना गाडीसोबत फिरत राहतात. बॅटरी बनवताना खनिजे आणि ऊर्जा लागते, कार्बनही हवेत जातो. न वापरलेली बॅटरी हा पर्यावरणावरचा नाहक बोजा आहे. पुण्याचा प्रवास कोणत्याच बॅटरीने चार्जरमुक्त होत नाही, म्हणून तो या निर्णयात धरूच नये.

या सगळ्यातून निघणारा निवाडा सरळ आहे. नरसीसारख्या गावात घरात एकच चारचाकी असेल, आणि लांबच्या फेऱ्या वर्षातून आठ-नऊपेक्षा जास्त असतील किंवा आजारपणामुळे रात्री-अपरात्री निघावे लागत असेल, तर 45 युनिटांच्या आसपासची बॅटरी घ्यावी; 30 ची नको, 79 चीही नको. घरात पेट्रोल-डिझेलची दुसरी गाडी असेल, किंवा गाडी मुख्यतः हिंगोली-सेनगावच्या फेऱ्यांसाठी असेल, तर लहान बॅटरी निःशंक घ्यावी आणि वाचलेल्या दीड लाखातून छतावर सौर पॅनेल बसवावेत. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78 हजारांचे अनुदान आहे, आणि तीन किलोवॉटचे पॅनेल दिवसाला बारा युनिटांच्या आसपास वीज देतात. सत्तर किलोमीटर त्यात होतात. मोठ्या बॅटरीपेक्षा हा खर्च त्या घराला जास्त उपयोगाचा ठरेल.

शेवटी एवढेच सांगायचे, की बुकिंगची रक्कम भरण्याआधी तीन कामे करा. गेल्या वर्षभरात घरून निघून त्याच दिवशी परत आलेल्या लांब फेऱ्या एका कागदावर लिहून काढा. टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवती न घेता, एसी लावून, घरची माणसे बसवून, हायवेवर किमान पन्नास किलोमीटर घ्या आणि एका युनिटला किती किलोमीटर मिळाले ते गाडीच्या पडद्यावरून टिपून घ्या. मग त्या आकड्याने बॅटरीची युनिटे गुणा, पंधरा टक्के वजा करा, त्यातून आठ वर्षांचे सोळा टक्के कमी करा, आणि आलेले अंतर तुमच्या सर्वांत लांब फेरीशी ताडून पाहा. ती फेरी पुरत असेल, तर त्याहून मोठ्या बॅटरीसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.